पीयूष ग्रंथीची वकिली करणाऱ्या शालिनीताई

पांढरकवड्याच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा शालिनीताईंनी माझी पदवी विचारलीच नाही. "पेशंटसोबत कोण आलं, हे आधी पाहत जा," एवढंच म्हणाल्या. मला त्या तिरसट वाटल्या. वंध्यत्वाच्या तपासणीत त्या सासूला आत बोलवत आणि सुनेशेजारी बसवत. याचं कारण मला वनितामुळे कळलं.

वनिता झरी जामणीकडची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही, पाळी बंद आणि छातीतून दूध येत होतं. सासूबाई ताईंसमोर कडाडल्या, "लेकरू नाही अन् दूध कुठून आलं? पह्यले कुठं बाळंत झाली, तिलेच इचारा बाई!"

वनिता मान वर करीना. ताईंनी तिचं रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढवून घेतला आणि सासूबाईंना पुन्हा बोलावलं.

"आजी, मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी रायते. लेकरू अंगावर पेत असलं, की तिथून प्रोलॅक्टिन नावाचा रस जास्त सुटते. त्यानं दूध येते अन् बीज तयार होणं थांबते. हिच्या ग्रंथीवर बारीक गाठ हाय, म्हणून ते उगाच वाढलं. यात हिचा काय कसूर? गोळ्यायनं बरं होईन."

सासूबाईंनी वनिताला थेट माहेरी धाडलं. ती तिथेच राहून गोळ्या घेत होती. काही महिन्यांत दूध थांबलं, पाळी आली. ताईंचा आनंद मला आजही आठवतो. त्या स्वतः मला घेऊन तिच्या सासरी गेल्या. सासूबाईंनी चहा दिला, सगळं नीट ऐकलं.

"समजलं बाई. पण आता तं पोराची दुसरी सोयरीक पक्की झाली."

परतताना ताई गाडीत रडल्या. मला त्या घराचा संताप आला होता, पण ताईंना बोच होती ती सासूबाईंना पहिल्याच भेटीत न समजावल्याची. तेव्हापासून त्या पहिल्याच भेटीत सासूला सगळं समजावतात. काही घरं त्यामुळे टिकली, काही नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीला वनिता येणार नाही. तिची पाळी नियमित आहे, गाठ आकसली आहे. तरी गावात तिला अजून 'दूधवाली' म्हणतात, त्यामुळे ती चारचौघांत जात नाही.

ताई, तब्येतीला जपा. शंभरी पार करा, चालत्या-बोलत्या राहा. वनिताला 'दूधवाली' म्हणणारी माणसं अजून धडधाकट आहेत; त्यांना समजावायला तुम्ही हव्यात.