एका पायावरची इंग्रजी

किस्से कसे जमतात, माहीत हाय का? कापूस वेचताना ओटी भरते तसे! बोंडाबोंडाचा टाकत राहा, अन् मंग पाहा, उठता येत नाई.

मी अंजनगावाजवळच्या एका खेड्यात पाचवीपर्यंत शिकली. आमचे गुरुजी खेळातून इंग्रजी शिकवत. ते शब्द बोलले का ती वस्तू शिवायची. पयले शिवंल तो जितला!

एक दिवस म्हणे, "काऊ!" सारे पोट्टे भिंतीवरच्या चित्रावर पडले. मी सरळ बाहेर. दुपारी गाय घेऊनच वर्गात!

"अवं कार्टे, कोणाची हाय हे गाय?"

"गुरुजी, तेवढं इंग्रजीत शिकवलं नाई तुमी!"

माही मैतरीण जुबेदा, रंगाऱ्याची पोरगी; एक हात लाल, एक हिरवा. "रेड!" म्हटलं का आपलाच उजवा हात शिवे, "ग्रीन!" म्हटलं का डावा. रोज जिते! मले आला राग. तिच्या घरी जाऊन निळ्या रंगाच्या भरल्या हंड्यात कोपरापर्यंत हात बुडवले.

दुसऱ्या दिवशी गुरुजीनं फळंच विचारले! वरून निळे हात पाहून मायनं आठ दिवस चुलीपाशी येऊ देल्लं नाई.

अन् गिनती लंगडीत! एका पायावर उडी, वन. दुसरी उडी, टू. पाय टेकला का बाद!

पण पाटलानं वर अर्जी धाडली, "शाळेत निस्त्या उड्या चालू हायेत." तपासाले साहेब आले. शेरा वाईट पडला तं गुरुजीची बदली थेट धारणीच्या जंगलात! गुरुजीच्या टोपीखालून घामाच्या धारा.

साहेब जुबेदाले म्हणाले, "सरळ उभी राहा. हलू नको. इंग्रजीत वीसपर्यंत मोज."

"वन... टू..." खल्लास!

मले उठवलं. मी थ्रीवर अडकली. सारा वर्गच अडकला! असं उभं राहून कोणी मोजलंच नव्हतं ना बाप्पा!

साहेबानं शेऱ्याची वही उघडली.

मी म्हटलं, "साहेब, एक पाय उचलू का?"

"कशाला?"

"उचलू तं द्या!"

मी उचलला, जुबेदानं उचलला, साऱ्या पोट्ट्यायनं उचलला. वन, टू, थ्री... शाळा हालली! कौलाची धूळ साहेबाच्या वहीवर! ट्वेंटी म्हणून सारे धप्पकन् खाली.

साहेबानं वही झटकली, मिटली अन् निंगाले. छत्री राहिली. गुरुजीनं रडवेल्या तोंडानं मले अन् जुबेदाले मोटारस्टँडवर धाडलं.

स्टँडवर कोणी नाई. लिंबाच्या झाडामागं पायतो तं साहेब! कोट फांदीवर, धोतराचा सोगा हातात, एक पाय वर.

"इलेवन... ट्वेल्व..."

"साहेब, छत्री!"

"थांब गं! पाय टेकला तर बाद होईन!"