मान मोडणाऱ्या डॉक्टरीणबाई

आमच्या डॉक्टरीणबाई आजारी कोंबडीची मान एका झटक्यात मोडत आणि मोडताना डोळे मिटत नसत. "मरणाऱ्याला ताटकळत ठेवू नये," म्हणायच्या. बारीक अंगाच्या, मूळच्या डिंभ्याकडच्या. ओतूरच्या आसपासच्या पोल्ट्र्या त्या स्कूटीवरून फिरून तपासत.

लस दिली तरी त्यांचं समाधान नसे. धडधाकट कोंबड्यांच्याही घशातले नमुने घ्यायच्या. आम्ही हसायचो. "हसू नका, भाऊ. जंतू पिढीगणिक थोडा थोडा बदलतो. कोंबडीच्या रक्तानं जुना चेहरा पाठ केलेला असतो. बदललेला आला, की तिला वळखू येत न्हाई."

मग आमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मानमोडीचा रोग शिरला. लस वेळेवर दिलेली होती. तरी पिरगळलेल्या मानांनी कोंबड्या गरागरा फिरत, पडत, आणि पडलेलीला बाकीच्या जिवंतपणी टोचून रक्तबंबाळ करत. चार दिवसांत निम्मी शेड मेली. बाई आल्या तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, पिसाळलेलाच होता. "लस म्हणून पाणी पाजलंस," म्हणत त्यानं खोऱ्याचा दांडा त्यांच्या कपाळावर हाणला. बाई कोसळल्या. त्यानं परत दांडा उगारला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, टाकून दिला. मी दारात उभा होतो.

बाईंनी ओढणी कपाळाला आवळून बांधली. "मारून झालं असंल तर सुरी द्या. आतडी बघायची हायेत."

त्यांनी तीन मेलेल्या कोंबड्या फाडल्या, नमुने बर्फात ठेवले. मग वाचणार नव्हत्या त्यांच्या माना आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत मोडल्या. मी दर वेळी डोळे मिटत होतो. त्या मिटत नव्हत्या.

पंधरा दिवसांनी कपाळावर टाके घेऊन त्या परत आल्या. जंतू मानमोडीचाच होता, पण रक्त ज्या खुणांवरून त्याला ओळखतं, त्याच खुणा बदलल्या होत्या. लस खरी होती, जुनी पडली होती. दादानं मान खाली घातली.

"पोलिसांत तक्रार दिलीय, दादा. मागं घेणार न्हाई. पण नव्या पिलांना नवी लस मीच टोचणार."

टोचलीही. दादा एकेक पिल्लू त्यांच्यापुढं धरत होता आणि जुन्नरच्या कोर्टात तारखांनाही जात होता.

बदली झाली तेव्हा त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. तक्रारीत माझं नाव का नाही, असं विचारलं.

"नुसतं बघत उभं राहण्याला कलम न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.