‘यात चेहरा नाही’

भूतबित असलं काही मी मानत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी तसला व्हिडिओ टाकला की त्याची अक्कल काढणारा पहिला माणूस मीच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण लिहितोय.

मी भाईंदर पूर्वेला, नवघरला राहतो. ऑफिस सांभाळून नकाशाचं काम करतो — कोणीही भर घालावी आणि कोणीही फुकट वापरावा, असा मोकळा नकाशा. त्याला रस्त्यांचे फोटो लागतात. लोकांनी काढलेले असे फोटो ठेवणाऱ्या दोन साईट्स आहेत, आणि आपल्या भागासाठी कुठली बरी यावर आमच्या नकाशावाल्यांच्या ग्रुपमध्ये कायम वाद. शेवटी वैतागून म्हटलं, एकाच रस्त्याचे तेच फोटो दोन्हीकडे टाकतो, मग बोला.

माझी बायको शिल्पा उत्तनच्या पुढे चौक गावातल्या शाळेत शिकवते. रोज उत्तनवरून स्कूटीने जाते. तिच्या हँडलला मी जुना फोन बसवला, आपोआप फोटो काढत राहणारा.

"पेट्रोल माझं, नाव तुझं. छान आहे," ती म्हणाली. पण लावू दिला.

फोटो चढवले की दोन्ही साईट्स माणसांचे चेहरे आपोआप धूसर करतात. पहिल्याच दिवशी उत्तनच्या पुढच्या उतारावर, रिकाम्या रस्त्याच्या कडेला, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर एक धूसर ठिपका दिसला. फोनमधला मूळ फोटो उघडला तर तिथे काहीच नव्हतं. म्हटलं, मशीन आहे, चुकतं. मग दुसरी साईट बघितली. ठिपका तिथेही, त्याच जागी... आणि दोन्हींचं सॉफ्टवेअर पूर्ण वेगळं आहे.

आमच्या ग्रुपमधला डेनिस चौकचाच. त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "तिथे कोण उभा राहणार रे? कडेला सरळ खड्डा हाय."

दुसऱ्या दिवशी ठिपका रस्त्याच्या मधोमध होता. त्याच्या पुढच्या दिवशी स्कूटीच्या अगदी समोर.

चुकीचा ठिपका काढायची सोय असते. ‘यात चेहरा नाही’ असं बटण दाबायचं. आम्ही नकाशावाले उठसूट दाबतो ते, काम स्वच्छ दिसावं म्हणून. मीही दाबलं, दोन्हीकडे. ठिपका गेला आणि मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी शिल्पा घरी आल्यावर चहा घेत फोटो चढवले. जातानाचा उतार साफ होता. पण फोटोच्या कोपऱ्यात स्कूटीचा आरसा येतो, त्यात हेल्मेटमधला शिल्पाचा चेहरा धूसर केलेला असतो. उतारानंतर त्या आरशात दोन ठिपके होते. एक तिचा, एक तिच्या खांद्याच्या मागे. मूळ फोटोत ती एकटीच. परतीच्या प्रत्येक फोटोत तेच, थेट नवघरपर्यंत. ती तिथेच स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

शेवटचा फोटो आमच्या पार्किंगमधला. त्यात एकच ठिपका, शिल्पाचा. सुटलो, म्हटलं. गेलं जे काय होतं ते. उगाच विचारल्यासारखं तिला विचारलं, "गाडी बरी चालतेय ना गं?"

"अरे हो, दाखवायचीय गॅरेजला," ती म्हणाली. "सकाळी उत्तनच्या उतारापासून एकदम जड झाली, डबल सीट असल्यासारखी. येतानाही तशीच. आणि इथे पार्किंगमध्ये थांबवली, तर मी उतरायच्या आधीच हलकी झाली."

मी तिला काहीच सांगितलं नाही. फोन काढून टाकला, आता ती बसने जाते. दोन वेगळ्या मशीन्सनी तीच चूक कशी केली, हे अजून कोणी मला समजावू शकलेलं नाही. डेनिस म्हणतो, एकदा घरातला फोटो काढून साईटवर टाक, म्हणजे डोक्यातली भीती जाईल.

रोज ठरवतो. हॉलमध्ये उभा राहून फोन हातात घेतो... आणि परत खिशात टाकतो.