गाईपुढचं इंग्रजी

बँकेच्या परीक्षेचा अभ्यास मी गोठ्यात केला, असं सांगितलं की लोक हसतात. वडील गेल्यापासून पारनेरजवळच्या वस्तीवर आम्ही मायलेकी आणि एक गाय, एवढाच संसार. गाय मोठी नखरेल. धार काढताना कुणी बोलत राहिलं तरच पान्हा सोडायची. ते काम आईनं माझ्यावर टाकलं. इंग्रजी वाक्प्रचार मला नाहीतरी घोकायचेच होते. मी गाईपुढं बसून मोठ्यानं वाचायची आणि आई हात न थांबवता अर्थ विचारायची.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित कधीतरी, असं मी सांगितलं.

"निळा चंद्र बघितलाय व्हय कुनी?"

"नाही गं, म्हणायची पद्धत आहे."

"कुनीतरी बघितला आसंल. उगं कोन म्हनंल?"

असल्या प्रश्नांनी माझं डोकं उठायचं, पण खरं सांगायचं तर उत्सुकता मला तिनंच लावली. 'कोल्ड फीट' म्हणजे ऐन वेळी कच खाणं, हे तिला लगेच पटलं. "भ्यालं की आपलेबी हातपाय गार पडत्यात." 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे बिंग फोडणं, हे मात्र काही केल्या पटेना. मांजर पिशवीत घातलंच कशाला, असं ती विचारायची. याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

मी पास झाले आणि कोल्हापूरला नोकरी लागली. आई एकटी कशी राहील, या विचारानं माझा जीव तुटत होता, पण बोलले ते फक्त एसटीच्या वेळेबद्दल. तीही निघताना एवढंच म्हणाली, "गाईचं कसं व्हायचं?"

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. "तुझ्या आवाजाबिगर धार देईना. बोल तिच्याशी." तिनं मोबाईल गाईच्या कानाशी धरला, मी एक वाक्प्रचार अर्थासकट सांगितला. मग ते रोजचंच झालं. मी कामात असले की वैतागायची. "दिली का धार?" म्हणून विचारायची, ती "दिली" म्हणायची, की मी फोन ठेवायची.

दिवाळीला घरी गेले. संध्याकाळी सवयीनं बादली घेऊन गोठ्याकडं निघाले, तर आईनं अडवलं.

"ऱ्हाऊ दे. गाभन हाय ती. आटून दीड म्हैना झाला."

परवाच तर तिनं धारेसाठी फोन केला होता. मी चमकून तिच्याकडं बघितलं. ती ओशाळून हसली. "पिशवीतलं मांजर निघालं म्हन की बाहीर."

मलाही हसू आलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. इतके महिने मी रोज गाईची चौकशी केली होती. आईची एकदाही नाही.

बादली खाली ठेवून मी विचारलं, "तू कशी आहेस?"

"लई करमत न्हाई गं," ती म्हणाली.