मामांच्या गालातला दात

आमच्या बीबी गावच्या ड्रायव्हरमामांची काळीपिवळी जीप डिझेलवर कमी आणि मामांच्या तोंडावर जास्त चालायची. मेहकर येईपर्यंत त्यांची एक गोष्ट संपत नसे. शेवट ऐकायला माणसं मेहकरातलं काम सोडून परतीच्या फेरीत बसत. मी स्वतः तीनदा असा काही न करता घरी आलोय.

गावात कुणाचं तोंड फुटलं की पहिली हाक मामांना. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी इतके फुटके जबडे पोचवले होते, की जीप दिसताच डॉक्टर हातमोजे चढवत. ऐकून ऐकून मामाही अर्धे डॉक्टर झाले. कबड्डीत एकाचा दात पडला, अन् तो राखेनं घासू लागला. मामा कडाडले, "भांडं हाय का बे ते? मुळाले हात नको लावू! पाण्यातून काढ, गालात ठेव, अन् तोंड बंद! तासाभरात बसवला तं रुजते."

एका बाजारच्या दिवशी टपावरून बोकड उतरवताना त्यानं मामांनाच अशी धडक दिली, की त्यांचा समोरचा दात अख्खा बाजार ओलांडून गेला. आम्ही तो धुळीतून हुडकला. मामांनी तो मुळाला हात न लावता धरला, पाण्यातून काढला, गालात ठेवला आणि ओठ मिटले. बीबीत अशी शांतता पसरली, की झोपलेली कुत्री दचकून उठली.

स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मधे मामा, पलीकडे मामी. जीप सुटली तसा मामींनी पदर खोचला.

"आता आयका. तीस वर्सं झाले, मले एक वाक्य पुरं करू देल्लं नाही तुमी. लग्नात माह्या बापाले काय म्हणले होते?"

"हं!"

"हं नाही! तोंड उघडलं तं दात गेला!"

मामा लाल झाले, मग जांभळे. मागच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, "मामी, जरा जोरानं वं. इकडं आयकू येऊन नाही राह्यलं."

सुलतानपूरला तर कहर झाला. मामी म्हणाल्या, "अन् वरातीत वाट तुमी चुकले होते, माहा भाऊ नाही!" मामांचे ओठ सुटायला लागले. दात बाहेर डोकावला. मी ब्रेक दाबला, अख्खी जीप ओरडली, "मामा, तोंड बंद!" मामांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तसेच मेहकरला उतरले.

डॉक्टर म्हणाले, "आ करा." मामा करेनात. मामींकडे बघत राहिले.

"उघडा आता," मामी म्हणाल्या. "बाकीचं जाताना."

दात बसला, तारेनं बांधला. डॉक्टरांनी मऊ खायला आणि काही दिवस बेतानं बोलायला सांगितलं. तार निघाली, त्यालाही महिना झाला, तरी मामा मुकाट जीप चालवत होते. शेजारी मामींची तीस वर्षांची गोष्ट चालू, आवाज खणखणीत. मला काळजी वाटली. पुढं वाकून विचारलं, "मामा, अजून दुखते काय?"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "चूप बस बे. आत्ता कुठं लग्नाचं दुसरं वर्स लागलं हाय."