विलायती काकासाठी रडलेल्या कांताबाई

कांताबाई गेल्याची बातमी मला सेलूला, आमच्या ओट्यावर कळली. तीही पाणी प्यायला टेकलेल्या एका माणसाकडून. येलदरीकडचा शेतकरी, कापूस घेऊन बाजारात आलेला. त्याची मुलगी कांताबाईंच्या हाताखाली शिकली होती, त्यामुळे मलाही तो ओळखत होता. तांब्या खाली ठेवून तोंड पुसत म्हणाला, "आपल्या बाई गेल्या की, ताई. तुमाला कुणी कळवलं न्हाई?" मग त्यानंच सगळं सांगितलं. परभणीच्या दवाखान्यात होत्या, गावाकडून चुलतभाऊ आले, त्यांनी येलदरीला आणून काय ते केलं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा होऊन गेला. माझा चेहरा पाहून त्याला वाटलं असावं, चार समाधानाचे शब्द बोलावेत. "लय शिस्तीत झालं बगा. रडारड न्हाई, आरडाओरड न्हाई. एकदम शांततेत." तो उठून गाडीकडे गेला आणि मी रिकामा तांब्या हातात धरून बसून राहिले... रडारड नाही. नेमकं हेच व्हायला नको होतं.

नीला, संजू, तुम्ही तिकडे टोरांटोला. कांताबाईंना तुम्ही कधी पाहिलं नाही. नीलाने मागे विचारलं होतं, "आजी, बंगल्यात खून होतो आणि पाहुणे एकमेकांवर संशय घेतात, तसली इंग्रजी पुस्तकं तुमच्याकडच्या बायकांना आवडतील का गं?" त्याचं उत्तर मी सवडीने देणार होते. ते उत्तर म्हणजे कांताबाईच होत्या, आणि त्यांच्याबद्दल लिहायची वेळ आली ती अशी. हे छापून आलं की कात्रण पाठवीन. बोलणं कळणार नाही तिथे बाबांना विचारा. तो इकडची बोली इतक्यात विसरला नसेल.

तुमचे आजोबा येलदरीच्या धरणावर इंजिनिअर होते तेव्हा आम्ही तिथल्या कॉलनीत राहत होतो. कांताबाई शाळेत शिक्षिका. उंच, सावळ्या, पांढऱ्या साडीला बेताची नीळ देऊन कडक इस्त्री करणाऱ्या. त्यांचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. वडिलांनी लोकांच्या शेतात राबून मुलीला शिकवलं, हे त्या अभिमानाने सांगत. नवरा तरुणपणी गेलेला, मूलबाळ नाही, हे मात्र मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. त्या विषयावर त्या बोलत नसत आणि विचारण्याची माझी रीत नव्हती.

एकदा विश्रामगृहात कुणी साहेब एक इंग्रजी पुस्तक विसरून गेला, ते आजोबांनी घरी आणलं. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं गायब. त्याचं नाव काय, ते लिहिलं कुणी, मला आजही माहीत नाही. विलायतेतल्या खेड्यात एक अवाढव्य घर, तिथे सुट्टीला जमलेले नातलग, आणि पुस्तकांच्या खोलीत आरामखुर्चीतच मरून पडलेला म्हातारा काका. सगळं हसतखेळत लिहिलेलं. खुनाचा तपास करणारा जाडजूड डॉक्टर पुरावे शोधता शोधता सारखा केक खात असे. शाळा सकाळची होती. दुपारी कांताबाई यायच्या, दूध घालणारी शेवंताबाई यायची, आणि मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून ते इंग्रजी मराठीत सांगायची. माझे नियम होते. रोज एकच प्रकरण, शेवट कुणी विचारायचा नाही, आणि प्रकरण संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. शेवटचा नियम पहिल्याच दुपारी मोडला. शेवंताबाई त्या दिवशी कांताबाईंपासून अंग चोरून लांब पायरीवर बसली होती. काका मेला तेव्हा ती चटईवर सरकली, कारण पायरीवरून नीट ऐकू येईना. त्यानंतर ती पायरीवर गेली नाही.

"इतक्या खोल्या?" शेवंताबाईचा पहिला अभिप्राय. "झाडतंय कोण मग?"

"नोकर आहेत," मी म्हटलं.

"अन् नोकरांच्या खोल्या कोण झाडतंय?"

गोष्टीतल्या घरात जेवणाची घंटा वाजली की ती टाळी द्यायची. "आगं माय, शाळाच हाय की ही! बाई, तुमची पोरं नेऊन बसवा तिथं, खायला तरी मिळंल." तिचा संशय पहिल्यापासून घरातल्या कुत्र्यावर होता. "त्यो एक शब्द बोलायला न्हाई. जो बोलत न्हाई त्याचंच मला भ्या वाटतं." कांताबाई म्हणायच्या, "आवं, कुत्रं हाय ते." "तेच म्हंते मी!" पोलिसांनी आधी स्वयंपाकिणीला बोलावलं तेव्हा मात्र कांताबाई पुढे सरसावल्या. "बगा. इस्टेट खायला टपलेले सगळे भाचे-पुतणे, अन् झडती पैल्यांदा मोलकरणीची. आमच्या गावच्या पाटलाच्या गढीवरबी असंच व्हायचं. विलायत कायी लांब न्हाई, ताई."

एक दुपार मात्र मला विसरता येत नाही. प्रेत सापडलं त्याच संध्याकाळी घरातली मंडळी कपडे बदलून जेवायला बसतात आणि एक पुतण्या काकाच्या मिशीवर विनोद करतो, असा तो भाग होता. मी हसत हसत सांगितला. शेवंताबाई हसली. कांताबाई हसल्या नाहीत.

"ताई, थांबा. काकाला कुणी रडलं का?"

"अजून तरी नाही."

"म्होरं रडतेत का?"

मी आदल्या दिवशी पुढचं वाचून ठेवत असे. "नाही," मी म्हटलं. "ही गमतीची गोष्ट आहे, कांताबाई. हिच्यात कुणी रडत नसतं. वाचणाऱ्याने फक्त खुनी ओळखायचा."

"खुनी सापडंल हो. माणूस गेला त्याचं काय?"

"खडूस होता म्हातारा," शेवंताबाई म्हणाली.

"असंना खडूस. मढं आतल्या खोलीत अन् हे जेवायलेत. एकीनं तरी गळा काढावा का न्हाई? त्याला कुणीच न्हाई म्हनून काय झालं... तुमी म्होरं वाचू नका, ताई. मी रडते."

आम्हाला ती थट्टा वाटली, आणि सुरुवातीला ती थट्टाच होती. इस्त्रीचा पदर डोक्यावर ओढून, मागेपुढे डोलत, खेड्यातल्या बायका मेलेल्याच्या दारात काढतात तसा हेल त्यांनी काढला. "आरं माझ्या काका रं... बसल्या खुर्चीत कसा गेलास रं... तुझ्या मिशीला आता कोण तेल लावंल रं..." शेवंताबाई पोट धरून चटईवर आडवी झाली. मलाही हसू आवरेना. पण हेल काही थांबेना. हेलातून मिशी गेली, खुर्ची गेली, काकाही गेला. "मी येईस्तोवर थांबला न्हाईस रं... तोंडसुदिक बगू दिलं न्हाईस रं... पान्यानं नेलं, लोकान्नी जाळलं, माझ्या हाताला काय लागलं रं..." शेवंताबाई हसता हसता उठून बसली. तिने क्षणभर कांताबाईंकडे पाहिलं, मग सरळ जाऊन त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून रडू लागली. मी मात्र पुस्तकात बोट घालून खुर्चीवर तशीच बसून होते. मला ते येत नव्हतं.

नंतर तोंड धुऊन आल्यावर त्यांनी सांगितलं. नवरा पूर्णेच्या पुरात वाहून गेला तेव्हा त्या नांदेडला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होत्या. निरोप मिळून गावी पोचेपर्यंत लोकांनी अग्नी देऊन टाकला होता. दारात पाऊल टाकल्याबरोबर जो तो म्हणाला, तू शिकलेली, तू मास्तरीण होणार, तू धीरानं घे. "घेतलं मग धीरानं," त्या म्हणाल्या. "आजवर घेतलंच की." आणि चटईवर नीट मांडी घालत, "हं, ताई, वाचा आता म्होरं. काकाचं झालं."

पुस्तक संपलं. खुनी तो मिशीवर विनोद करणारा पुतण्याच निघाला, आणि उरलेले लोक हिरवळीवर चहा पीत बसले. कुत्रा निर्दोष सुटला म्हणून शेवंताबाई बरेच दिवस नाराज होती. नीला, तुला वाचकांचं मत हवं होतं ना? कांताबाईंचं मत मला शब्दन् शब्द आठवतं. "गोष्ट लय भारी हाय, ताई. लिहिणारा हुशार माणूस. त्याच्या घरात अजून कुणी मेलेलं नसावं, एवढंच."

पुढे तुमचे आजोबा गेले. आमच्या घरी मोठ्याने रडणं अडाणीपणाचं मानत. आईने मला तसंच वाढवलं आणि हैदराबादेतल्या शिक्षणाने ते आणखी पक्कं केलं. भेटायला येणाऱ्यांना मीच पाणी विचारत होते. कांताबाई कोपऱ्यात बसून माझ्याकडे नुसत्या बघत असायच्या. मी कॉलनी सोडून सेलूला निघाले त्या दिवशी त्या एसटीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, एक मागू? मी गेले की तुमी रडा. मोठ्यानं हां. रुमालानं डोळे टिपलेले चालनार न्हाईत."

"मी तुमच्याहून मोठी आहे. असलं बोलू नये."

"बोलले आता. तुमी कबूल व्हा. शेवंताबाई लेकीकडं मनमाडला चालली, अन् मला दुसरं हाय कोण?"

गाडी सुरू झाली. मी मान हलवली. त्या हसल्या आणि गाडीबरोबर चालत ओरडून म्हणाल्या, "मोठ्यानं!"

त्या शेतकऱ्याकडून कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळची जिंतूरची गाडी धरली आणि तिथून येलदरीला गेले. कांताबाईंच्या क्वार्टरमध्ये नवीन शिक्षिका राहायला आल्या होत्या. त्या शाळेत गेलेल्या; घरी त्यांची आई, चारठाण्याकडची म्हातारी, ज्वारी पाखडत बसलेली. मी आत येऊ का विचारलं. खोलीला नवा चुना दिला होता. बुद्धाची तसबीर होती तिथला खिळादेखील काढलेला. भिंतीला टेकून मी खाली बसले. दिलेला शब्द पाळायला मी इतक्या लांब आले होते, म्हणून मी खरोखरच पदर डोक्यावर घेतला आणि तोंड उघडलं... आवाज निघेना. डोळेसुद्धा कोरडेच. असं कुणासाठी कधी केलंच नव्हतं, ते आता या वयात कुठून येणार? मला वाटलं, कांताबाईंचंही तसंच झालं. त्या विलायती काकासारखंच.

म्हातारीचं सूप थांबलं. "कोन गेलं, बाई?"

"आधी इथं राहायच्या त्या बाई."

"तुमची कोन?"

मी शब्द शोधू लागले. बहीण नाही, जाऊ नाही, नणंद नाही. "माझी मैत्रीण," मी म्हटलं, आणि ते मलाच फार थोडं वाटलं.

म्हातारीने सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, माझ्यापाशी येऊन बसली, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, आणि जिला तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं त्या बाईसाठी हेल काढून रडू लागली. "आगं माझे बाई गं... भरलं घर सोडून कशी गेलीस गं... मला एकडाव तोंड तरी दावायचं होतंस गं..." ज्वारीच्या कोंड्याचा वास, खरखरीत लुगडं, आणि माझ्या कानाशी तो कापरा, मोठा, निर्लज्ज आवाज. मला वाटलं, कांताबाईंना जे हवं होतं ते हेच.

मग ती मधेच थांबली. नाक पुसलं, आणि अगदी साध्या आवाजात तिने मला विचारलं, "नाव काय हो बाईचं?"

"कांता," मी म्हटलं.

तिने पुन्हा सुरुवात केली, आता नाव घेऊन. "माझे कांताबाई गं..." आणि या वेळी तिच्या आवाजात माझाही आवाज होता. मोठा.