उपवास नको, उपाशी या

अंबक्कांनी उभ्या आयुष्यात कुणाला "बरी आहेस का?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "सकाळपासून तोंडात काय घातलंस?" रक्त द्यायला आलेल्या माणसाला तर विचारायच्याच, पण ही सवय इतकी अंगात मुरलेली, की एका लग्नात मांडवात शिरताशिरता त्यांनी चक्क नवऱ्यामुलाला हाच प्रश्न केला. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काही नाही, अक्का." "छान! तसाच राहा," म्हणाल्या, आणि मग भानावर येऊन स्वतःच जीभ चावली.

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझा धाकटा भाऊ दत्तू याला बंगळूरच्या एका वर्कशॉपात टर्नरची नोकरी लागली, म्हणून आई आणि मी निपाणीहून त्याच्यामागे आलो आणि शिवाजीनगरला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. बी.एस्सी.च्या जोरावर मला जवळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथे अंबक्का मुख्य. बुटक्या, भक्कम बांध्याच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटांवर आम्लाचे पिवळे डाग. त्यांचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. "आमचे लोक फौजेबरोबर आले, परत जायचं राहूनच गेलं," असं सांगायच्या. मराठीत कानडी अशी मिसळायच्या, 'नको'ला 'बेडा' आणि 'बरं'ला 'सरी', की पहिल्या आठवड्यात मी तोंडावर पदर धरून हसायची. "शालू, स्वल्प थांब. ती नळी अजून उकळायची आहे. घाई बेडा म्हटलं ना!"

पण कामात त्यांच्यापुढे हसायची टाप नव्हती. तेव्हा साखर मोजणं म्हणजे अर्ध्या दिवसाचा खटाटोप. रक्तातली प्रथिनं काढून टाकायची, उरलेलं पाणी तांब्याच्या द्रावणात घालून उकळायचं, मग आणखी एक औषध घातलं की निळा रंग येई. साखर जितकी जास्त तितका निळा गडद. यंत्राच्या नळीला डोळा लावून तो निळा ठराविक निळ्याशी जुळवायचा. गंमत म्हणजे लघवीच्या परीक्षेत नेमकं उलटं: तिथे निळा राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर आहे. नव्या माणसाचा हमखास गोंधळ व्हायचा. अंबक्का म्हणायच्या, "लघवीत निळा दिसला तर घरी जा, रक्तात निळा गडद दिसला तर थांब आणि पुन्हा बघ." आणि खरंच, त्या प्रत्येक आकडा दोनदा बघायच्या.

आता दत्तूचं सांगते. त्याला लहानपणापासून पोटदुखी. जेवला की पोट धरून कुशीवर पडायचा. बंगळुरात आल्यावर तर अंगावरचं मांस झडायलाच लागलं. सव्वीस वर्षांचा गडी, पण सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान अशी दिसायची की आई बघायचं टाळायची. एक्स-रे काढला तर पोटात आडवी पांढऱ्या खड्यांची रांग. आमच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडात खडे झालेत, अन्न पचत नाही म्हणून वाळतोय. साखरेसाठी उपाशीपोटी एकदा रक्त बघितलं, ते व्यवस्थित आलं. लघवी निळीच्या निळी. "मधुमेह नाही. भरपूर खाऊ घाला," असं सांगून त्यांनी कागद मिटला. मग काय विचारता! आईनं शिरा, केळी, गूळ घातलेली नाचणीची आंबील यांचा सपाटा लावला. पोरगा आणखीच वाळला. मानेवर गळू झालं ते दोन महिने भरेना. घागरीतलं पाणी संपवायला लागला.

एके दिवशी डबा खाताना मी हे अंबक्कांना सांगितलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. विचारलं, "साखर प्यायला देऊन नंतर रक्त बघितलं का?" मी नाही म्हटलं. "मग काय बघितलं? चोर जेवणानंतर येतो आणि तुम्ही सकाळी दार उघडून बघता. हे खडेवाले लोक मी पाहिलेत. उपाशी रक्त साळसूद असतं. साखर पाजली की बिंग फुटतं."

तशी परीक्षा होती: उपाशीपोटी एकदा रक्त, मग ग्लुकोजचं पाणी पाजायचं, आणि दोन तासांत दर अर्ध्या तासाला पुन्हा रक्त. म्हणजे एका हाडकुळ्या माणसाला पाच वेळा टोचायचं. मोठे डॉक्टर आधी तयारच नव्हते. "मधुमेह असा सुकलेल्या पोरांना होतो का, अंबाबाई?" म्हणाले. अक्का त्यांच्या टेबलापुढून हलल्या नाहीत. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "एकदाच. पुन्हा मागायला येऊ नका."

आदल्या संध्याकाळी मी घरी आईला सांगितलं, "उद्या दत्तूला उपवास हं, रक्त द्यायचंय." आणि सकाळी लवकर नळ्या उकळायला म्हणून निघून गेले.

दत्तू आला. अक्का दुसऱ्या रोग्याची शीर शोधत होत्या. त्यांनी तिथूनच मला विचारलं, "विचारलंस ना त्याला?" मी म्हटलं, "घरचाच आहे, अक्का. उपवास आहे त्याला." "सरी," म्हणाल्या. पाचही वेळा रक्त मी काढलं. पाचव्या वेळी शीर मिळेना, दत्तूनं ओठ चावून धरले. दुपारी नळीला डोळा लावला तर पहिल्याच नमुन्याचा निळा असा गडद, की मी ओरडलेच. शंभराच्या आसपास हवा तो आकडा उपाशीपोटी एकशे ब्याण्णव! पुढचे तर विचारूच नका. मला आनंद झाला. भावाला मधुमेह निघाला म्हणून आनंद होणारी मी एकटीच बहीण असेन. पण आजाराला नाव मिळालं होतं, औषध मिळणार होतं.

अक्कांनी नळीत पाहिलं, पुन्हा पाहिलं. चेहरा उतरला. बाहेर बाकावर दत्तू बसला होता, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सकाळपासून तोंडात काय घातलंस?"

"काही नाही अक्का, उपवासच आहे," दत्तू म्हणाला. "फक्त साबुदाण्याची खिचडी. आणि चक्कर येऊ नये म्हणून आईनं कपभर दूध दिलं, साखर घालून."

मराठी माणसाच्या घरात उपवास म्हटल्यावर खिचडी होणार नाही तर काय होणार? मला 'उपाशी' म्हणायचं होतं, बोलून गेले 'उपवास'. बी.एस्सी. झालेली, प्रयोगशाळेत काम करणारी मी, आणि माझ्याच भावाच्या बाबतीत हे!

अक्कांनी पाचही नळ्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या. निळं पाणी भोवऱ्यासारखं फिरून गेलं. मी त्यांचा हात धरला. "अक्का, काय करता! मधुमेह आहेच, तुम्हीच म्हणत होता ना? हाच आकडा द्या. डॉक्टर पुन्हा परवानगी देणार नाहीत."

"माझ्या मनासारखा आला म्हणून आकडा खरा होतो काय?"

"आकडा खोटा असेल, आजार तर खरा आहे! तो मरतोय अक्का, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय. म्हणूनच ओतलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चूक तुझी एकटीची नाही. मी रोज सगळ्यांना विचारते, आज त्याला विचारलं नाही. डॉक्टरांना मी सांगते."

खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी निरोपसुद्धा न घेता घरी गेले. तत्त्व सांभाळायला यांना माझाच भाऊ सापडला, असं वाटलं. घरी आई विचारत होती, "खिचडीनं काय होतं गं?" आणि मी तिच्यावरच खेकसले. ती माउली रात्रभर कूस बदलत राहिली.

अंबक्का सलग तीन दिवस डॉक्टरांच्या दाराशी उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची चूक सांगितली, त्यावर डॉक्टर सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले. तीस वर्षांची नोकरी झालेली बाई, मान खाली घालून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. शिपायानं स्टूल आणून दिलं तर म्हणाल्या, "बेडा. बसले तर विसरतील." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात अक्षरशः फेकली.

या खेपेला अक्का सकाळी सहाला आमच्या दारात हजर. आईला म्हणाल्या, "मावशी, उपवास नको. उपाशी. पाणी सोडून काही नाही." आणि दत्तूला स्वतः चालवत घेऊन गेल्या. रक्त त्यांनी काढलं, पाचही वेळा एका टोचणीत शीर. मी फक्त नळ्या धरल्या. उपाशीपोटी आकडा आला शहाण्णव. अगदी व्यवस्थित! अक्का शांत. "थांब, अजून चार आहेत." दुसऱ्या नळीत निळा चढला. तिसऱ्यात आणखी चढला. चौथ्यात तीनशेच्या वर, आणि दोन तासांनंतरही उतरायचं नाव नाही.

मोठ्या डॉक्टरांनी कागद बराच वेळ पाहिला. वाईट माणूस नव्हता तो, तापट होता इतकंच. म्हणाले, "अंबाबाई, त्या दिवशीचा एकशे ब्याण्णव तुम्ही मला दिला असता, तर मी उपाशीपोटीचा आकडा उतरवण्यासाठी संध्याकाळी इन्सुलिनची मोठी सुई दिली असती. आणि उपाशीपोटी याचा आकडा तर मुळातच खाली आहे. रात्रीत साखर पार उतरली असती आणि हा पोरगा झोपेतून उठला नसता." अक्का म्हणाल्या, "सरी, आता छोटी द्या," आणि उरलेल्या नळ्या धुवायला गेल्या. मी मागोमाग गेले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "पुरे गं," म्हणाल्या, "नळ्यांत पाणी पडतंय."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: 'उपवास नको, उपाशी या.' दत्तू जेवणाआधी सुई घ्यायला शिकला. गळू भरलं, मान भरली. पोटदुखी पुरती गेली नाही, पण तो कामावर जायला लागला, लग्न झालं. अक्का निवृत्त झाल्यावरही रस्त्यात भेटल्या तर त्याला विचारायच्या, "आधी सुई की आधी ताट?" "आधी सुई, अक्का," तो शाळेतल्या पोरासारखा म्हणायचा.

साठचं दशक संपता संपता अंबक्का आमच्याच इस्पितळात दाखल झाल्या, हृदय थकलं होतं. एका सकाळी त्यांचं उपाशीपोटी रक्त काढायला मी गेले. त्या अगदी बारीक झाल्या होत्या. मी हसत विचारलं, "काय अक्का, सकाळपासून तोंडात काय घातलंत?"

त्यांनी डोळे उघडले. "कॉफी. दोन चमचे. नर्सनं दिली."

"दोन चमच्यांनी काय होतंय हो," मी म्हटलं आणि सिरिंज उचलली. त्यांना पुन्हा त्रास नको, एवढंच मनात होतं.

त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. "खिचडीनं काय झालं होतं? उद्या ये."

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'नमुना घेतला नाही. कॉफी घेतली आहे. उद्या.' दुसऱ्या दिवशी नळी घेऊन गेले तर पलंगावरची चादर बदललेली होती. पहाटेच गेल्या होत्या.

तशीच घरी आले. दत्तू जेवायला बसायच्या तयारीत, हातात सुई घेऊन उभा होता. मी म्हटलं, "दत्तू, अक्का गेल्या." त्यानं सुईतलं औषध खुणेपर्यंत नीट पाहिलं, टोचून घेतलं, सुई वाटीत ठेवली, आणि मग खाली बसून हमसाहमशी रडला.